पटलेभाऊंचा मोबाइल गेम आणि उकेदादांची कट्टी

किस्से काही कोणी ठरवून जमा करत नाही. आमच्या कारखान्यात तुटलेल्या रिमोटांचं एक पोतं आहे. ते भरायचं असं कोणीच ठरवलं नव्हतं, तरी ते भरलंच! किश्श्यांचंही तसंच. रोज चहाच्या वेळी एखादा घडतो, कोणी मनावर घेत नाही, आणि मग पाहुणे आले की सांगता सांगता चहा दोनदा गरम करावा लागतो.

कारखाना म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. गोंदियात रेल्वेलाइनच्या पलीकडे एक लांबट शेड आहे, तिथं आम्ही टीव्ही गेम बनवतो. तोच तो. टीव्हीला वायर जोडायची, वरून कॅसेट खोचायची आणि दोघांनी दोन रिमोट घेऊन भांडायचं. बाकीचे लोक बाहेरून आणलेले गेम विकायचे, आमचे गेम मात्र आमचेच! 'शंकरपट'मध्ये बैलजोड्या पळतात, 'रानडुक्कर'मध्ये धानात शिरलेलं डुक्कर हाकलायचं, 'कोहमारा नाका'मध्ये ट्रक काढायचा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, तेव्हा आमच्या स्टॉलवर जी गर्दी होते ती पाळण्यांनाही होत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पाळणेवाल्यानं स्वतः येऊन भांडण केलं होतं.

मालक परसराम पटले, सगळ्यांचे भाऊ. गेमची कल्पना त्यांची. देवाजी उके, आमचे उकेदादा, बोर्ड आणि बटणांचे मिस्त्री. दोघं शाळेपासूनचे दोस्त. आणि मी वंदना. आधी झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायची, नंतर गेममधली चित्रं काढायला लागले. मूठभर ठिपक्यांत बैल बसवून दाखवा, मग मला चित्रकला शिकवा!

*

आम्ही मोबाइलमध्ये कसे गेलो, त्याला कारण लोणचं.

कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर भाऊंनी हौसेनं आमचा टीव्ही गेम बसवून दिला होता. ट्रकवाले जेवण येईपर्यंत खेळायचे. मागच्या उन्हाळ्यात भाऊ तिथं जेवायला थांबले. बघतात तर टीव्ही बंद आणि गेमच्या डब्यावर लोणच्याची बरणी!

भाऊंनी ढाबेवाल्याला विचारलं, "गेम कोनी खेलत नाई का गा?"

तो म्हणाला, "खेलते हैं ना भाऊ, सब खेल रहे हैं!" आणि त्यानं खाटांकडे हात केला. प्रत्येक खाटेवर एक ड्रायव्हर, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, एकाचंही लक्ष ताटाकडे नव्हतं.

भाऊंनी बरणी उचलली, खिशातल्या रुमालानं डब्यावरचं तेल पुसलं, बरणी परत ठेवली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आपन मोबाइलमंदी जाऊन राहिलो!"

उकेदादांनी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. "त्याले बटन कुठं राहते?"

"बटन नाई राहत. काचेवर बोट ठेवाचं."

"मंग मी काय बनवू?"

भाऊंनी पंख्याकडे बघितलं, पंखा किती हळू फिरतो यावर काहीतरी बोलले आणि बाहेर गेले. दोन-चार दिवसांत कॉम्प्युटर आले. त्यांना जागा हवी म्हणून उकेदादांचं लांब बाकडं अर्धं रिकामं करण्यात आलं. तेही दादांना न विचारता. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं आणि ते मी भाऊंना सांगितलंही.

दादा संध्याकाळी माझ्याकडे आले. भाऊ हाताच्या अंतरावर बसले होते.

"वंदनाबाई, त्यायले सांगून द्या, आता मी त्यायच्यासंग बोलत नाई."

*

बोलत नाही म्हणजे काय, ते आम्हाला पुढं कळलं. दादा रोज वेळेवर यायचे, काम चोख करायचे, फक्त भाऊंशी शब्द नाही. सगळं माझ्यामार्फत. "त्यायले सांगा, चहा थंडा होऊन राहिला." "त्यायले विचारा, कॅसेटचे डबे कोनत्या रंगाचे पायजे." मी चित्रं कमी काढायची आणि निरोप जास्त पोचवायची.

एक दिवस मी नागऱ्याच्या महादेवाला गेले. सुट्टी सांगून गेले होते. नेमका त्या दिवशी स्क्रूचा प्रश्न निघाला. माझ्या जागी कोण? तर पार्सल घेऊन आलेला कुरियरवाला!

भाऊ त्याला म्हणाले, "भैया, जरा त्यायले विचार, जुने स्क्रू संपले का?"

तो गडबडला. "वो आपके सामने ही तो बैठे हैं!"

"पूछ त तू."

त्यानं विचारलं. दादा म्हणाले, "त्यायले सांग, संपत आले." त्यानं सांगितलं. मग कोणत्या मापाचे, मग कोणाकडून मागवायचे, मग मागच्या वेळी खराब कोणी आणले होते. बिचारा डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून या टेबलावरून त्या बाकड्यावर! शेवटी त्यानं पार्सल पुढं केलं आणि विचारलं, "साइन कौन करेगा?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

कुरियरवाला म्हणाला, "अब ये भी मैं ही पूछूँ क्या?"

*

मोबाइलचं काम भाऊंच्या भाच्याकडे, निखिलकडे आलं. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावचा पोरगा. पुण्यात इंजिनियर होता, मामानं बोलावलं तसा आला. हुशार आहे. पण त्याचं सगळं शिक्षण मामासमोर रोज थोडं थोडं कमी होत होतं!

पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "मामा, टेन्शन नका घेऊ. काई चूक राहिली त मागून अपडेट टाकू."

भाऊंना हे समजेचना. कॅसेट एकदा बाहेर गेली की गेली. तिच्यात चूक राहिली तर ती चूक लोकांच्या घरात वर्षानुवर्षं चालते. आमच्या 'शंकरपट'मध्ये एका बैलाला शेपूट नाही. माझ्याकडून राहिली. आजही मंडईत लोक येऊन विचारतात, "बाई, थो बांडा बैल तुमीच काढला का?"

भाऊ निखिलला म्हणाले, "म्हंजे आधी कच्चं वाढाचं, मानूस जेवाले बसला की मंग शिजवाचं?"

दुसऱ्या दिवसापासून भाऊंची तपासणी सुरू झाली, ती दिवाळी तोंडावर येईपर्यंत चालली.

*

गेमचं नाव 'रोवणी'. पावसाळ्यात चिखलात धानाची रोपं लावतात, ती रोवणी. फोन टेबलावर आडवा ठेवायचा. मधोमध धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं खाचर. दोघांनी दोन बाजूंनी बसायचं, आपापल्या अर्ध्या भागात रोपं लावायची. ज्याची बांधी आधी भरली, तो जिंकला.

निखिल म्हणाला होता, "मामा, मोबाइलवर लोक एकटे खेळतात."

भाऊ म्हणाले, "एकटा मानूस गेम खेलत नाई, टाइमपास करते!"

आता पुढची गोष्ट सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगते. आम्ही सगळे धानाच्या मुलखातले. निखिलच्या घरी शेती, भाऊंच्या घरी शेती, माझं माहेर बांधीच्या काठावर. तरी कितीतरी दिवस आम्ही गेममधल्या बायकांना पुढं पुढं चालवत रोवणी करून घेत होतो, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही. काचेत बघून बघून डोळ्यांवर झापड आली होती, दुसरं काय!

एक दिवस वहिनी, म्हणजे भाऊंच्या घरच्या, डबा घेऊन आल्या. माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"काय वो, ह्या बायका रोवनी करून राहिल्या का रोवलेलं तुडवून राहिल्या?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी निखिलकडे बघितलं.

निखिल चाचरत म्हणाला, "मामी, मोबाइलच्या गेममंदी समदे पुढंच जातात."

"जाऊ दे त्यायले," वहिनी म्हणाल्या. "धान मागं सरकूनच लागते."

सगळं उलटं करावं लागलं. पण गंमत बघा, खरा गेम तिथूनच झाला! मागं सरकायचं म्हणजे पाठीमागं काय आहे ते दिसत नाही. कुठं बांधाला धडक, कुठं बेडकावर पाय. निखिलनं पहिल्यांदा खेळून बघितलं आणि खुर्चीवरून उडी मारली. त्या दिवशी मला पक्कं वाटलं, हा गेम चालणार.

*

जाहिरातींवरून तर मोठीच सभा झाली. निखिलनं समजावलं, "गेम फुकट द्यायचा, मधी मधी जाहिरात दाखवायची."

भाऊ म्हणाले, "मानूस रोवनी करून राहिला, अन मधीच त्याच्या तोंडापुढं कोनाचा बोर्ड धराचा? कायले?"

निखिलनं पुष्कळ समजावलं. कॉम्प्युटर, पंखा, आमचे पगार, सगळं काढलं. शेवटी भाऊ तयार झाले, पण एका अटीवर. जिंकलेल्याला जाहिरात दाखवायची नाही. फक्त हरलेल्याला!

"काऊन?" निखिलनं विचारलं.

"जितलेला मानूस खुश राहते, त्याले कायची गरज नाई. हरलेल्याले काई त आधार पायजे!"

*

माझा आवडता किस्सा डब्याचा आहे.

भाऊंनी मला 'रोवणी'च्या डब्याचं चित्र काढायला सांगितलं. मी काढलं. हिरवंगार, दोन बायका एकमेकींकडे पाठ करून मागं सरकताहेत, वर ढग. झकास झालं होतं. छापून आलं. पुठ्ठ्याचे डबे शेडमध्ये छतापर्यंत लागले. तेव्हा निखिल सुट्टीवरून परत आला आणि दारातच थांबला.

"मामा, हे काय?"

"गेमचे डबे."

"मामा, मोबाइल गेमले डबा नाई राहत! थो फोनवर उतरवतात."

भाऊंनी वरचा एक डबा उचलून बघितला. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या हातात काई त द्या लागल का नाई? मंडईतून मानूस खाली हातानं घरी जाईल का?"

माझं चित्र फुकट जाऊ नये म्हणून मीही भाऊंच्या बाजूनं बोलले. डब्यावर निखिलनं स्कॅन करायचा चौकोन चिकटवला. नमुन्याचे काही डबे बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवायला भाऊ आणि मी गेलो. त्यानं डबा उचलला, कानाशी धरून हलवला, परत हलवला.

"भाऊ, डिब्बा तो खाली है!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "माल हल्का है."

त्यानं ठेवून घेतले! आणि बाजूच्या दुकानदाराला सांगितलं म्हणे, हल्ली सगळं हलकंच येतं.

*

पुण्याच्या एका कंपनीशी व्हिडिओ कॉल झाला, तेव्हा मी शेजारीच बसले होते. ती कंपनी दुसऱ्यांचे गेम सगळीकडे पोचवून देते. एक गोड बोलणारे साहेब होते. त्यांनी विचारलं, "सर, तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण?"

"मंडईत येनारे समदे."

"पण वयोगट कोणता धरलाय?"

"ज्याचं एक बोट चालते, थो."

साहेब हसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, टीव्ही गेमचा जमाना वेगळा होता. मोबाइलवर लोक काही सेकंदांत कंटाळतात."

भाऊ खुर्चीत सरळ झाले. "साहेब, आमच्या स्टॉलवर मानूस हरला की मागचे दहा जन त्याले ओढून काढतात, तवा थो उठते. तुमाले कंटाळलेले लोक भेटले असतील. आमाले आजवर एकबी नाई भेटला!"

साहेबांनी गेम बघायला मागितला. भाऊ म्हणाले, "तयार हाये. पन पहिला डाव झाला नाई."

साहेबांना काय समजलं कोणास ठाऊक. ते म्हणाले, "ओके, ओके."

*

पहिला डाव म्हणजे काय, ते आता सांगायलाच हवं, कारण आमचं सगळं घोडं तिथं अडलं होतं.

कारखाना सुरू झाल्यापासूनची रीत आहे. कोणताही नवा गेम दारातून बाहेर जाण्याआधी त्याचा पहिला डाव भाऊ आणि उकेदादा खेळतात. दोघंच. बाकी सगळे भोवती उभे. तो झाला की मी नारळ फोडते आणि माल निघतो. 'शंकरपट' तसाच निघाला, 'रानडुक्कर' तसाच निघाला.

आता 'रोवणी' तयार होती. निखिलनं फक्त एक बटण दाबायचं, की गेम साऱ्या जगात. दिवाळी आठवड्यावर आली होती. मंडईचा सीझन हातचा गेला म्हणजे वर्ष गेलं, आणि नुसत्या कॅसेटवर कारखाना आता वर्षभर चालत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण भाऊ बटण दाबू देईनात आणि दादा मोबाइलला हात लावेनात!

निखिल रडकुंडीला आला. "मामा, मी खेळतो ना पहिला डाव."

"तू देवाजी हायेस का?"

मग तो दादांकडे गेला. दादा म्हणाले, "ज्याले बटन नाई, थो गेम नाई. त्यायले सांगून दे."

मी दोघांनाही स्वतंत्रपणे सुनावलं. भाऊंना म्हटलं, बाकडं रिकामं करताना विचारलं असतं तर जीभ झिजली असती का? दादांना म्हटलं, तुमच्या रुसव्यापायी दहा घरांच्या चुली अडल्या आहेत. दोघांनीही मान हलवली आणि माझ्यामार्फत एकमेकांना चहाचं विचारलं! मला त्या दिवशी खरोखर वाटलं, की संपलं. इतकी वर्षं एकत्र काढलेली दोन माणसं एका बाकड्यावरून अशीच संपणार, आणि त्यांच्यामागं कारखानाही.

*

आणि मग तो दिवस. लाइन दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज नव्हती. टीव्ही बंद, सोल्डरिंग गन थंड, पंखा बंद. दादांच्या हाताला काम नाही, म्हणून ते नुसतेच बाकड्यावर बसले होते. चालू होते फक्त मोबाइल.

भाऊंनी आपला फोन मधल्या टेबलावर आडवा ठेवला आणि निखिलला समोर बसवलं. हा पहिला डाव नाही, नुसता सराव, असं आधीच सांगून टाकलं. निखिल हरला. परत खेळला, परत हरला. भाऊंनी शर्टाची कॉलर सैल केली आणि मोठ्यानं म्हणाले,

"वंदनाबाई, सांगून द्या साऱ्यायले. आता या कारखान्यात मले हरवनारा कोनी राहिला नाई!"

बाकडं करकरलं. दादा उठले, टेबलापाशी आले आणि एक शब्द न बोलता निखिलला खांद्यानं बाजूला सारून त्याच्या स्टुलावर बसले.

शेडमधले सगळे टेबलाभोवती आले. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्याही तशाच उभ्या राहिल्या. मी नारळ शोधायला लागले आणि सापडल्यावर हातातच धरून ठेवला.

डाव सुरू झाला. दादांनी काचेवर बोट ठेवलं, काहीच झालं नाही. परत ठेवलं, नाही! सोल्डरिंगनं भाजून भाजून बोटांची कातडी इतकी जाड झालेली, की फोनला बोट कळेचना. तिकडे भाऊंच्या रांगा भराभर लागत होत्या. दादांनी अंगठा लावून बघितला, मधलं बोट लावून बघितलं. मग त्यांनी करंगळी काढली. करंगळीला कधी चटका बसलेला नव्हता. काचेवर करंगळी टेकली आणि दादांची बाई मागं सरकली!

आता एक गोष्ट सांगते, जी आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि भाऊंसमोर कोणी बोलत नाही. भाऊंना हरणं सोसत नाही. टीव्ही गेमवर दादा जिंकत आले, की हमखास वीज जायची! टीव्ही बंद, गेम बंद, डाव रद्द. आणि वीज फक्त आमच्याच शेडची जायची, कारण टेबलाखालचा प्लग भाऊंच्या पायाच्या अंगठ्यापाशी होता. दादांनी त्यावर कधी तक्रार केली नाही. ते फक्त वाकून प्लग लावायचे, भाऊंना एक शिवी हासडायचे आणि म्हणायचे, "चाल, पहिल्यापासून."

पण मोबाइलला कुठला आला प्लग! दादा करंगळीनं सपासप रोवत सुटले. बेडूक चुकवला, बांध चुकवला, भाऊंना गाठलं, मागं टाकलं. भाऊंच्या कपाळावर घाम. दादांच्या बांधीत शेवटची ओळ राहिली. श्वास रोखून सगळे वाकलेले. दादांची करंगळी वर उचललेली...

आणि फोन वाजला! बांधी गायब, बायका गायब, काचभर कोणाचा तरी कॉल.

वर नाव होतं, 'दुकान'.

दुकान म्हणजे कारखान्याचा दुसरा फोन. तो नेहमी भाऊंच्या टेबलावर पडलेला असतो. मी तिकडे बघितलं. तिथं नव्हता. आणि कारखान्यातलं झाडून सगळं माणूस तर इथं, या टेबलाभोवती उभं!

फोन वाजत राहिला. भाऊ छताकडे बघत होते. दादांची करंगळी अजून हवेतच होती. त्यांनी ती हळूच खाली घेतली, टेबलाच्या अलीकडं वाकून बघितलं, पलीकडं वाकून बघितलं, आणि उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा सरळ भाऊंच्या तोंडाकडे बघून ओरडले,

"परस्या, टेबलाखालचा हात वर कर बे!"